चिंपांझी गुहेत राहतो का?

प्रश्न : मुलाच्या पुस्तकात चिंपांझीचं शास्त्रीय नाव 'पॅन ट्रोग्लोडायटीस' दिलंय. नेटवर बघितलं तर अर्थ निघाला गुहेत राहणारा! पण तो तर झाडावर झोपतो ना? आणि इंग्रजीत हा शब्द शिवीसारखाही वापरतात म्हणे, मग मराठीत काय म्हणायचं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : झाडावरच झोपतो, रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवीन घरटं करतो. नावाचा घोळ युरोपातल्या पंडितांचा, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये प्रवाशांच्या ऐकीव गोष्टींवर विसंबून 'होमो ट्रोग्लोडायटीस' नावाचा रात्री फिरणारा गुहेतला माणूसच प्राण्यांच्या यादीत घातला, असा कोणी नव्हताच, पुढे जर्मन शास्त्रज्ञ ब्लुमेनबाखने तेच विशेषण चिंपांझीला लावलं आणि ते आजपर्यंत चिकटलंय. गंमत म्हणजे सेनेगलमध्ये फोंगोली भागातले चिंपांझी कडक उन्हाळ्यात खरंच गुहेत जाऊन बसतात, पण ते आपलं दुपारपुरतं.

शब्द मूळचा ग्रीक, बिळात शिरणारा असा अर्थ. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने आफ्रिकेतल्या अशा लोकांबद्दल लिहिलंय की ते सगळ्यात वेगाने पळतात, साप-सरडे खातात आणि त्यांची भाषा वटवाघळांच्या चिरचिरीसारखी. म्हणजे हिणवणं तेव्हापासूनच सुरू! इंग्रजीत आज तो जुनाट विचारांच्या, अडाणी माणसाला वापरतात, तिथे मराठीत 'गुहावासी' लिहिलं तर कुणाला काही टोचणारच नाही, सरळ 'कुठल्या जमान्यात राहतो हा' म्हणा नाहीतर 'आदिमानव'. पण ट्युनिशियातल्या मातमाताचे लोक, जे जमिनीत मोठा खड्डा खणून त्याच्या भिंतींत खोल्या कोरतात, त्यांना आदिमानव म्हणू नका हां. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार अशी ती घरं, त्यात अडाणी काय आहे? तिथे 'गुहावासी' चालेल, 'भुयारी घरात राहणारे' जास्त बरं.

प्राण्यांचं वेगळं, वटवाघूळ गुहेत फक्त मुक्कामाला असतं, खायला बाहेरच जातं. पण मेघालयातल्या क्रेम उम लादाव गुहेतला आंधळा मासा अख्खा जन्म अंधारात काढतो, पक्का गुहावासी तोच.

आणि तुमच्या नाशिकच्या पांडवलेण्यातले भिक्खू? माझ्या मते त्यांना गुहावासी म्हणू नये. लेणं ही आयती सापडलेली गुहा नाही, छिन्नीने कोरून काढलेली वास्तू आहे, आत झोपायला दगडी ओटे, बाहेर पाण्याची टाकी, शिलालेखात या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. पुढच्या वेळी गेलात की मुलाला ती टाकी दाखवा.