शेतातल्या डिझेल इंजिनाचा टकटक आवाज घालवण्यासाठी टॅपेटची फट पूर्ण बुजवली तर चालेल का?

आवाज जाईल, पण व्हॉल्व्ह जळेल. म्हणून रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा हात) आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातील ठरलेली फट, म्हणजेच टॅपेटची फट, बुजवू नये. इंजिन तापले की दांडी लांबते, आणि तिला वाढायला जागाच उरली नाही तर व्हॉल्व्ह सीटवर (बंद होताना तो जिथे बसतो त्या कडेवर) पूर्ण टेकत नाही व कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेली हवा, गळू लागते. खरा फटका एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला बसतो, कारण सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारा हा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेला असतानाच हेडकडे (सिलिंडरवरच्या झाकणाकडे) सोडतो. म्हणूनच बहुतेक इंजिनांत त्याची फट इनलेट (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हपेक्षा थोडी जास्त सांगितलेली असते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हेडची कामे करताना असे व्हॉल्व्ह हाती येतात: कड एका जागी उंदराने कुरतडल्यासारखी गेलेली आणि तिथेच सीटवर काळा पट्टा. फट कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी वर आणून, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाने) लावावी. इंजिन थंड हवे की गरम, तेही पुस्तिकेतच पाहावे (अंदाजाने पत्र्याचा तुकडा घालून ती लावणे सर्रास चालते, ते टाळावे). मात्र हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनांत तेलाच्या दाबाने ही फट आपोआप भरून निघते, त्यामुळे त्यांना हे लागू नाही.