छापलेलं पुस्तक प्राथमिक साधन असू शकतं का?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एफ. वाय. बी. ए.च्या विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"मॅडम, बारावी सायन्सला चांगले मार्क असूनही मी हट्टाने आर्ट्सला आले. इतिहासाच्या प्रकल्पासाठी 'शिवजन्म' हा विषय घेतला. एक कादंबरी, दोन व्हिडिओ आणि घरातलं एक जुनं पुस्तक यांवरून वीस पानं लिहिली. सरांनी पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलं, 'प्राथमिक साधने कुठे आहेत?' विचारलं तर म्हणाले, मूळ कागद ते प्राथमिक, नंतर लिहिलेली पुस्तकं ती दुय्यम. ग्रंथालयात सभासदाची बखर मिळाली, पण तेही पुस्तकच आहे. मूळ कागद मला कोण दाखवणार? बाबा म्हणतात, जुने कागद वाचून पोट भरत नाही, अजूनही डी. फार्म.ला जा. मला इतिहास सोडायचा नाही. पण मला तो समजतोय की नाही, हेच कळेनासं झालंय."

प्रिय विद्यार्थिनी,

बखर हातात घेऊन 'हेही पुस्तकच आहे' असं म्हणत तू थांबलीस, ते योग्यच झालं. बरीच मुलं तिथे न थांबता दोन व्याख्या पाठ करतात आणि पुढे जातात. सरांनी सांगितलं ते चूक नाही, अपुरं आहे. कागद जुना की नवा, हाताने लिहिलेला की छापलेला, यावर साधन प्राथमिक की दुय्यम हे ठरत नाही. ते कोणी, कधी, कोणासाठी लिहिलं आणि आपण त्याला कोणता प्रश्न विचारतोय, यावर ते ठरतं.

वि. का. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड तुमच्या कॉलेजात असतील. एकूण २२ खंड आहेत, पहिला १८९८ सालचा. घरोघरी दप्तरांत, माळ्यांवर पडलेली पत्रं राजवाड्यांनी पायपीट करून गोळा केली आणि छापली. त्या खंडातलं एखादं पत्र वाचतेस तेव्हा तू प्राथमिक साधनच वाचत असतेस, जरी ते छापील असलं तरी. पण त्याच खंडाच्या सुरुवातीला राजवाड्यांची लांबलचक प्रस्तावना आहे. ती त्या पत्रांवरून त्यांनी काढलेली मतं मांडते, म्हणून ती दुय्यम. एकाच पुठ्ठ्यात दोन्ही बांधलेली आहेत. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं हे ओळखता आलं, की तुझं निम्मं काम झालं.

आता तुझ्या विषयाकडे येऊ. शिवजन्मासारखा विषय तू निवडलास याचा मला खरोखर आनंद झाला, कारण साधनांचा हा सगळा झगडा त्यात उघड दिसतो. घरातल्या जुन्या पुस्तकात जन्मसाल १६२७ आहे, असं तू पत्रात पुढे लिहिलं आहेस. ते कुठून आलं? मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत शके १५४९ आहे, म्हणजे १६२७. ही बखर १८१० च्या सुमारास, साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारात लिहिली गेली. घटनेनंतर जवळजवळ १८० वर्षांनी. पुढे ग्रँट डफने आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध केला. त्यातही १६२७ आहे. मग अनेक पुस्तकांत तेच साल उतरलं. तुला वाटतं दहा पुस्तकं १६२७ म्हणतात, तर ते खरं असणार. पण ते दहा साक्षीदार नव्हेत. एकाचं ऐकून दुसऱ्याने, दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्याने सांगितलेली ती एकच गोष्ट आहे.

मग जेधे शकावली पुढे आली. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही टिपणवही. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घटना त्यात सालवार नोंदल्या आहेत. लोकमान्य टिळकांच्या प्रयत्नाने ती उजेडात आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाने छापली. त्यात शिवजन्माची नोंद आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. कवींद्र परमानंदाने महाराजांच्या हयातीत रचलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही शके १५५१ ची हीच तिथी आहे. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, म्हणून इसवी सन एकाने पुढे जातो आणि ती तिथी येते १९ फेब्रुवारी १६३० ला.

इथे थांब आणि तुझा मोबाइल घे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या पद्धतीने तिच्यात १० दिवस मिळवायचे. झाली १ मार्च १६३०. आजचं कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारांसकट जसंच्या तसं परत येतं. म्हणून १ मार्च २०३० चा वार बघ. शुक्रवार दिसेल. शकावलीत शुक्रवारच लिहिलाय. तिथीला वार जुळला, म्हणजे लिहिणाऱ्याने अंदाजाने काही ठोकून दिलेलं नाही, त्याच्यासमोर काहीतरी जुनी, नेमकी नोंद होती. एवढ्याने सगळं सिद्ध होत नाही, पण साधनाची परीक्षा म्हणतात ती अशी सुरू होते. तुझ्या प्रकल्पात वीस पानांऐवजी हे एकच पान असतं, तर सरांनी लाल शाई उचलली नसती.

आता सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या पदरी होता. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्याने १६९७ साली जिंजीला ही बखर लिहिली. महाराज १६८० मध्ये गेले, म्हणजे मध्ये १७ वर्षं गेली होती. शिवाय दूर तमिळ मुलुखात, मोगलांशी युद्ध चालू असताना, आठवणीवर त्याने हे लिहिलं. त्या काळातला माणूस म्हणून त्याचं वजन मोठं आहे. आठवणीतून लिहिलेलं म्हणून सन, आकडे, घटनांचा क्रम यांत तो तपासूनच घ्यावा लागतो. त्याला सरसकट 'प्राथमिक' असा शिक्का मारून मोकळी होऊ नकोस. महाराजांच्या कारभाराची रीत कशी होती, याचं उत्तर तो फार चांगलं देईल. अमुक लढाईत घोडे किती होते, हे विचारशील तर जपून.

हाच न्याय उलटाही चालतो. शिवकाळासाठी चिटणीस बखर उशिराची आहे. पण १८१० साली साताऱ्याच्या गादीशेजारी बसलेल्या माणसांना शिवाजी महाराज कसे दिसत होते, हा प्रश्न घेतलास तर तीच बखर तुझं प्राथमिक साधन होईल. ग्रँट डफ १८१८ नंतर काही वर्षं साताऱ्यातच कंपनी सरकारचा अधिकारी होता. इंग्रजांनी मराठी राज्य जिंकल्यावर त्या राज्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं, याचा तो पहिल्या हातचा पुरावा. आणि तुझी ती कादंबरी? शिवजन्माला ती साधन नाही, सर बरोबर बोलले. पण ती ज्या दशकात आली त्या दशकातला मराठी वाचक इतिहासातून काय शोधत होता, हे तपासायचं असेल तर सुरुवात त्या कादंबरीपासूनच करावी लागेल. म्हणून ती फेकू नकोस.

एक गैरसमज मात्र आताच काढून टाक. त्या वेळचा कागद म्हणजे खरा कागद, असं नसतं. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, तिथे हजर होता आणि त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं. ते अमोल आहे. पण त्याच इंग्रजांच्या वखारींच्या पत्रांत महाराज वारल्याच्या अफवाही आहेत, महाराज हयात असताना लिहिलेल्या. पत्र अस्सल, तारीख अस्सल, बातमी खोटी. मुंबई-सुरतेत बसून कानावर आलेलं ते लिहून टाकत होते. तरीही ते पत्र टाकाऊ नाही. त्या दिवशी बाजारात कोणती भीती फिरत होती, ते त्यातूनच कळतं.

'मूळ कागद मला कोण दाखवणार' असं तू विचारलंस. पहिलं साधन तुझ्या घरातही असू शकेल. घरी आजी असेल तर तिला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचार. खडी फोडायला कोण गेलं, सुकडी कोणाला मिळायची, पाणी कुठून आणायचे. तिच्याच शब्दांत लिहून घे, सुधारू नकोस. नंतर त्या काळातली वर्तमानपत्रं जिल्ह्याच्या ग्रंथालयात बसून चाळ. आजी सांगते तो क्रम आणि पेपरातला क्रम काही ठिकाणी जुळणार नाही. आजी खोटं बोलत नाही. पन्नास वर्षांत आठवणी एकमेकींत मिसळतात. आणि पेपरात जे कधीच आलं नाही, म्हणजे बायकांनी रात्री झऱ्यावर वाटीवाटीने पाणी कसं भरलं, ते फक्त तिच्याकडे आहे. हे एकदा स्वतः केलंस की जिंजीला बसलेला सभासद तुला आपोआप समजेल.

दुसरं, पुण्याला जा. तिथल्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुने सरकारी कागद जपणाऱ्या कार्यालयात, पेशव्यांच्या कारभाराचे कागद म्हणजे पेशवे दप्तर आहे. कॉलेजचं पत्र घे आणि आधी चौकशी करून जा. मी एम. ए.ला असताना तिथे पहिल्यांदा माझ्यापुढे रुमाल सोडला गेला. रुमाल म्हणजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. सकाळपासून दुपारपर्यंत मी एका पत्राच्या तीन ओळी लावत होते. हे कागद मोडी या जुन्या मराठी लिपीत असतात. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं खाली लोंबत जातात. शब्द कुठे तुटतो ते आपणच ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा आधार नाही. शेवटी पत्र लागलं ते घोड्यांच्या दाणावैरणीचं निघालं. कुठल्या तरी पागेवर चंदी पोचली नव्हती आणि लिहिणारा काकुळतीला आला होता. लढाई नाही, राजकारण नाही. पण माझे हात थरथरत होते. दोनअडीचशे वर्षांपूर्वी कोणीतरी खरंच उपाशी घोड्यांकडे बघत हे लिहिलं होतं, आणि आज ते फक्त मला कळलं होतं.

मोडी शीक. बाकी सगळं नंतर. पुराभिलेख विभाग आणि भारत इतिहास संशोधक मंडळ दोघेही मोडीचे वर्ग घेतात. त्याबरोबर जुन्या तारखा लावायला शीक. एखाद्या पत्रावर 'इहिदे सितैन मया व अलफ' दिसलं तर घाबरू नकोस. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१, तोही सुहूर सन या जुन्या कागदांतल्या कालगणनेचा. पानिपताची १४ जानेवारी १७६१ ची लढाई याच सनातली. पुढे 'छ' अक्षर आलं तर तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. आठवडाभरात हात बसेल.

आता बाबांशी बोलू. हा भाग त्यांना वाचून दाखव.

नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, ती मी खोडून काढणार नाही. इतिहासात सेट-नेट झालेली मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताना मी पाहिली आहेत. पुराभिलेख आणि पुरातत्त्व खात्यांत जागा कमी असतात, जाहिराती नियमित येत नाहीत. म्हणून फक्त 'बी. ए. इतिहास' एवढ्यावर तिने थांबू नये, असंच माझंही मत आहे. पण जुने कागद वाचून पोट भरत नाही, हे मात्र बरोबर नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे जमिनीचे, वतनांचे, जन्ममृत्यूचे कागद मोडीत लिहिले जात होते. वाटणीच्या आणि हक्काच्या दाव्यांत ते आजही वकिलांना लागतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा कार्यालयांना मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. पदवीनंतर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कागद सांभाळण्याचं रीतसर शिक्षण मिळतं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र. स्पर्धा परीक्षा द्यायची ठरली तर यूपीएससीला इतिहास हा वैकल्पिक विषय आहेच. डी. फार्म.चा अर्ज तिच्या मनाविरुद्ध भरलात, तर ती अभ्यास करेल, पण वहीच्या मागच्या पानावर इतिहासच लिहीत राहील. तिला पदवीची तीन वर्षं द्या आणि दर वर्षी तिने एक नवीन कौशल्य हातात घेतलं का, ते विचारा. पहिल्या वर्षी मोडी, दुसऱ्या वर्षी इंग्रजी वाचन पक्कं, तिसऱ्या वर्षी फार्सी किंवा पोर्तुगीजची सुरुवात. गोव्याच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदांचा मोठा साठा आहे आणि ती भाषा येणारे मराठी अभ्यासक थोडे आहेत.

पोरी, तुझ्यासाठी शेवटचं काम. प्रकल्प नव्याने लिही. मधोमध उभी रेघ मार. डावीकडे १६२७ सांगणारी साधनं, उजवीकडे १६३० सांगणारी. प्रत्येकापुढे लिहिणारा कोण, साल कोणतं, कोणाच्या सांगण्यावरून, आणि त्याच्यापुढे काय होतं, एवढंच. आणि शकावलीबद्दल एक गोष्ट विसरू नकोस: आपल्या हाती आहे ती नंतर केलेली नक्कल आहे, हे तिच्यापुढे प्रामाणिकपणे नोंदव. सरांना दाखव आणि मलाही पाठव. घरात कुठे पत्र्याच्या पेटीत मोडीतला एखादा कागद निघाला, तर त्याची घडी जोरात उलगडू नकोस, चिकटपट्टी लावू नकोस, सावलीत ठेवून फोटो काढ. आपण दोघी मिळून तो लावू.

तुझी,
मार्गदर्शक ताई