फिफ्थ-व्हील हिच निवडताना आधी काय पाहावे

फिफ्थ-व्हील हिच म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवलेली, ट्रेलर जोडण्याची यंत्रणा. तिच्यावर छापलेला ओढण्याच्या क्षमतेचा मोठा आकडा पाहून निर्णय घेऊ नका, कारण बहुतेक वेळा हिचच्या कितीतरी आधी पिकअपचीच मर्यादा संपते. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १५ ते २५ टक्के भार किंगपिनमधून, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागाखालच्या, हिचमध्ये अडकणाऱ्या पिनमधून, थेट हौद्यावर येतो. म्हणजे ४,५०० किलोच्या ट्रेलरचे, २० टक्के धरले तरी, ९०० किलो झाले. त्यात हिचचे स्वतःचे वजन, माणसे आणि सामान मिळवून ती बेरीज दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या भारक्षमतेशी ताडून पाहा. विक्रेता हा हिशेब सहसा आपणहून मांडत नाही.

त्यानंतर हौद्याची लांबी मोजा. तो साडेसहा फूट किंवा त्याहून आखूड असेल, तर काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर आदळू शकतो. अशा वेळी मागे सरकणारी स्लायडर हिच घेणे मला शहाणपणाचे वाटते, जरी ती जड आणि महाग असली तरी.

बसवणीचा प्रकार गाडीप्रमाणे ठरतो: कारखान्यातूनच हौद्यात खाचा आल्या असतील तर त्यांत बसणारी हिच घ्या, अन्यथा चासीला बोल्टने जोडलेले रूळ लागतील.

जोडताना मात्र टॉर्च घेऊन वाकून पाहा: हिचचा जबडा किंगपिनच्या बारीक मानेभोवती मिटला पाहिजे. पिन जबड्याच्या वरच टेकून राहिली, तरी वरवर सगळे ठीकच दिसते. म्हणून ट्रेलरचे पाय उचलण्याआधी, त्याचे ब्रेक लावून, गाडी हलकेच पुढे ओढून पाहा.