भाडेकरूच्या सुरीने फ्रिजचा गॅस गेला, तर डिपॉझिटमधून किती कापायचं?

घरमालक म्हणून तुम्ही लिहिलंय: सात वर्षांचा फ्रिज, भाडेकरूने सुरीने बर्फ खरवडला, गॅस गेला, आणि आता तुम्हाला नव्या फ्रिजची पूर्ण किंमत डिपॉझिटमधून कापायची आहे. तुमची चिडचिड समजते. पण तुमचं नुकसान जुन्या फ्रिजचं झालंय, नव्याचं नाही.

आधी गळती सुरीमुळेच झाली हे पक्कं करा. एकदारी फ्रिजमध्ये फ्रीझरची भिंत हाच गारवा देणारा भाग असतो, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गॅसच्या वाटा. टोक आत घुसलं की संपलं. पण जुना फ्रिज सांध्यांपाशी किंवा गंजलेल्या नळीतूनही गळतो, आणि लक्षणं तीच दिसतात: कॉम्प्रेसर चालू, गारवा नाही. म्हणून गळती नेमकी कुठे आहे हे मेकॅनिककडून लिहून घ्या. छिद्राचे फोटो काढा. तपासणीला भाडेकरूलाही बोलवा, नाहीतर 'तो तुमचाच माणूस' हे ऐकावं लागेल. (मागच्या पट्टीवर आर-600ए लिहिलं असेल तर तो गॅस पेट घेणारा आहे. गळती ताजी असेल तर खिडक्या उघडा आणि जवळपास काही पेटवू नका.)

तिथेच दाराचं रबरही बघून घ्या. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर रबर सैल झालंय, बाहेरची दमट हवा आत जातेय आणि बर्फाचे थर त्यामुळेच साचत असणार. भाडेकरूने हे आधी कळवलं होतं आणि तुम्ही टाळलं, असं असेल तर सगळा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. सुरी मात्र त्याचीच.

आता हिशोब. फ्रिजचं आयुष्य 10 वर्षं धरलं तर 7 वर्षं तुम्ही वसूल केलीत, उरले खरेदी किमतीचे 30 टक्के. दुरुस्ती त्याहून स्वस्त असेल तर फक्त दुरुस्तीचा खर्च मागा. महाग असेल तर हे 30 टक्के, त्यातूनही भंगाराचे आलेले पैसे वजा. भोसकलेल्या फ्रीझरला ठिगळ लावून गॅस भरता येतो, पण हवा आणि ओल आत गेलेली असते. त्यामुळे ती पंपाने ओढून आतून निर्वात केल्याशिवाय आणि ओल शोषणारा फिल्टर बदलल्याशिवाय भरलेला गॅस फार टिकत नाही. अंदाजपत्रकात ही दोन्ही कामं आहेत का, ते विचारा.

चुकीच्या वापराचा खर्च त्याचा आणि झिजेचा तुमचा, हा न्याय घरातल्या इतर यंत्रांनाही लावा: वॉशिंग मशीनच्या पंपात नाणं किंवा पिन अडकली तर खर्च भाडेकरूचा, बेअरिंग झिजलं तर तुमचा. गिझरच्या कॉइलवर क्षार चढणं ही झीजच, तीही तुमचीच.

डिपॉझिट कापताना भाडेकरूला आकडेमोड लेखी द्या. खरेदीची पावती, मेकॅनिकचा कागद आणि फोटो सोबत जोडा, आणि उरलेली रक्कम त्याच वेळी परत करा. वादातल्या रकमेचा प्रश्न सुटेपर्यंत बाकीचं डिपॉझिट अडवून ठेवलंत, तर बरोबर असूनही तुम्हीच चुकीचे दिसाल. घर देताना फ्रिजचे फोटो काढले नव्हते असं तुम्ही लिहिलंय. मग तो चालू स्थितीत दिला होता याचा दुसरा काही पुरावा शोधा, मधल्या काळातले मेसेज चाळून बघा. 'फ्रिज छान चालतोय' एवढा त्याचा एखादा मेसेज सापडला तरी पुष्कळ.