कामासाठी गाव सोडलेल्या गरोदर बाईला जंताची गोळी चालते का?

पाचवा महिना लागलाय, रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत, मग जंताची आणखी कशाला, असं विचारलंय तुम्ही. चालते. आणि आणखी लागतेच.

मी नर्स. गाव धरणात गेलेल्या लोकांच्या तात्पुरत्या वसाहतीत माझी ड्यूटी होती. तिथं सातव्या महिन्यातली एक बाई, हिमोग्लोबिन साडेसहा, चार पावलं चालली की धाप. आमच्या डॉक्टरसाहेबांनी बघताक्षणी ठरवलं, "गोळ्या फेकून देते. या बायका सगळ्या तशाच." तिच्याकडची रिकामी पाकिटं मी स्वतः पाहिलेली, त्यामुळे तिथेच आमची जुंपली. शौच तपासायला लावलं. अंकुशकृमीची अंडीच अंडी! हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. एकेक जंत दिवसाला जेमतेम 0.03 ते 0.2 मिलिलिटर, पण पोटात शेकड्यांनी असले तर नुसत्या लोहाच्या गोळ्या कुठवर पुरणार? तिला गोळी दिली, मोठ्या दवाखान्यात रक्त चढवलं, बाळंतपण नीट झालं.

साहेब तरी म्हणालेच, "सवयी घाणेरड्या." अहो, या जंताची अळी बहुतेक वेळा ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. हात कितीही धुवा. वसाहत आखली तेव्हा पाण्याची टाकी आली, संडास "पुढच्या टप्प्यात" गेले. सगळी वस्ती एकाच आडोशाला जाणार, पाय तिथेच पडणार. यात त्या बाईची कसली सवय? दुसरा आडोसा होता कुठे?

बरं, तपासणीवाचून गोळी नको म्हणणारेही हेच. जिथे गरोदर बायकांत अंकुशकृमी किंवा चाबूककृमी (आतड्यातलाच दुसरा जंत) 20 टक्के वा जास्त आणि रक्तक्षय 40 टक्के वा जास्त, तिथे जागतिक आरोग्य संघटना सरसकट द्या म्हणते. अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम किंवा मेबेंडाझोल 500, एकच मात्रा.

हां, पहिले तीन महिने मात्र नाही. महिन्यांचा हिशेब नक्की नसेल तर आधी तो लावून घ्या; वारंवार जागा बदलणाऱ्या बायकांचं कार्ड मागेच राहतं. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर गोळ्यांवर थांबू नका, थेट दवाखाना. लोहाच्या गोळ्या नंतरही चालूच. आणि चप्पल घ्या तिला, नाहीतर तीच माती पुन्हा तुडवून जंत परत होतील आणि साहेब परत सवयींवर घसरतील.