फोन वाजला की नेट तुटतं, मग मोडेम बदलायचा का?

तुमचा प्रश्न असा, की एकाच लँडलाइनवर बोलणं आणि नेट एकत्र कसं चालतं आणि फोन वाजला की नेट तुटतं तर मोडेम बदलू का. बदलू नका. मी दोन बदलले, पैसे पाण्यात गेले.

आमचं घर इंदूरला, रामबागेत. २००९ च्या पावसाळ्यात फोन वाजला की मोडेमवरचा डीएसएलचा (फोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटचा) दिवा लुकलुकायचा आणि दोन-तीन मिनिटं नेट बंद. मुलीचा प्रवेशाचा फॉर्म तीनदा अर्धवट राहिला, ती रडकुंडीला आली. वरच्या मजल्यावरचे काका म्हणायचे, "तुझ्या नेटमुळे माझ्या फोनात खरखर येते, काढून टाक ते." लाइनमन आला, मोडेम खराब आहे म्हणाला आणि गेला.

शेवटी एका रविवारी मीच तारेचा माग काढत निघालो. जिन्याखाली, मीटरच्या फळीमागे, चिकटपट्टी गुंडाळलेला जोड सापडला. पट्टी सोडवली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. काकांचा पॅरलल फोन, म्हणजे आमच्याच लाइनवरचा दुसरा फोन, तिथूनच गेला होता, स्प्लिटरच्या (फोन आणि नेट वेगळं करणाऱ्या डबीच्या) आधीच!

आवाजाला ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात. एडीएसएल, म्हणजे हेच तारेवरचं नेट, २५ किलोहर्ट्झच्या वर सुरू होतं, ते १.१ मेगाहर्ट्झपर्यंत. तार एकच, फ्रिक्वेन्सीचे पट्टे वेगळे. स्प्लिटर फोनकडे फक्त खालचा पट्टा सोडतो. तो नसला की घंटी वाजताना, रिसीव्हर उचलताना लाइनला झटका बसतो, मोडेमचा एक्सचेंजशी जुळलेला संपर्क सुटतो आणि नेटची खरखर फोनात शिरते. म्हणजे काकांना खरखर खरंच ऐकू येत होती. दोष मात्र नेटचा नव्हता.

जोड कापून नवा केला, काकांच्या फोनला फिल्टर, म्हणजे एका फोनपुरता छोटा स्प्लिटर, लावला. संध्याकाळपर्यंत दोन्ही तक्रारी संपल्या. काका अजून सांगतात, "याने नेट दुरुस्त केलं." काका, नेट बिघडलंच नव्हतं, तुमचा फोन चुकीच्या जागी जोडला होता. हे मी त्यांना कितीदा सांगितलं!

तुम्ही आधी घरातले सगळे फोन काढा, फक्त मोडेम लाइनला ठेवा आणि मोबाइलवरून स्वतःचा नंबर लावा. नेट टिकलं तर एखादा फोन फिल्टरशिवाय जोडलेला आहे. तरीही तुटलं तर बाहेरचा जोड बघायला लावा. आणि हो, एक्सचेंज चार-पाच किलोमीटर लांब असेल, तर सिग्नल तारेतच क्षीण होतो, तिथे फिल्टरचा उपयोग नाही. मग फायबर मिळत असेल तर घ्या.