प्रश्न तुमचे: रडू थांबत नाही, मग पश्चात्ताप खरा की खोटा?

प्रश्न: आम्ही वसईचे कॅथलिक. वाडीच्या वाटणीवरून मी भावाशी चार वर्षं बोलले नाही आणि तो अचानक गेला. कन्फेशन केलं, फादरांनी पापक्षमा दिली, तरी रात्री उठून रडते. माझा पश्चात्ताप कमी पडतोय का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. रडण्यावरून पश्चात्ताप मोजू नका हो. येशूला पकडून देणाऱ्या त्याच्याच शिष्याचं, यहूदाचं बघा ना, त्याला काय कमी वाईट वाटलं होतं? त्यासाठी मिळालेली चांदीची तीस नाणी परत द्यायला तो मंदिरात गेला, "मी निर्दोष माणसाचा घात केला" असं तोंडाने कबूल केलं, पण कोणाकडे, तर ज्यांनी त्याला पैसे दिले त्यांच्याकडेच, आणि ते म्हणाले त्यात आमचं काय, तुझं तू बघ. मग तो एकटाच निघून गेला आणि गळफास घेतला. दुसरा शिष्य पेत्र, तोही येशूला पकडलं त्या रात्री तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हणाला आणि बाहेर जाऊन ढसाढसा रडला, पण तो बाकीच्या शिष्यांत राहिला, त्यांच्याबरोबर मासे धरायला गेला. प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहिलंय की देवाकडे नेणारं दुःख वेगळं आणि माणसाला मारून टाकणारं जगाचं दुःख वेगळं, ते मला या दोघांवरूनच कळतं.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट मला फार आवडते. पेत्र नाकारतो तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा असतो, आणि मरणातून उठल्यावर येशू किनाऱ्यावर जो विस्तव पेटवतो तोही कोळशाचाच, आणि त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तोच वास, तोच धूर, पेत्राला काय वाटलं असेल! वर मासळी भाजत ठेवलेली, भाकर आहे, आणि येशू म्हणतो या, न्याहारी करा. जेवण झाल्यावर तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं तिथेच लिहिलंय, म्हणजे क्षमेच्या वेळीसुद्धा दुखतं. पण किती रडलास हे येशू विचारत नाही, "माझी मेंढरं चार", म्हणजे माझ्या माणसांना सांभाळ, असं सांगून काम देतो.

म्हणून तुमच्या रडण्यात मला खोट दिसत नाही, क्षमा झालीच आहे, तेच पाप पुन्हा पुन्हा कन्फेशनला नेऊ नका. पण ज्याचं नुकसान केलं त्याचं जमेल तेवढं भरून द्यायचं, हेही चर्च शिकवतं, बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने तर ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हटलं होतं. भाऊ गेला, पण भावजय आहे, मुलं आहेत. वाटणीत त्यांचं काही तुमच्याकडे राहिलंय का ते कागद काढून नीट बघा, असेल तर द्या, आणि नसलं तरी तिच्या घरी जा, फोनवर नको. ती कदाचित बोलणार नाही, दारातूनच परत पाठवेल, तरी जा. आणि रात्रीचं रडणं महिनोन्महिने चाललं, झोप उडाली तर डॉक्टरांनाही दाखवा, त्यात श्रद्धा कमी पडत नाही.